हात उघडायची तालीम

मागून येणारा चोर कसा असतो, हे मला पहिल्यांदा एका सत्तरीच्या बाईंनी दाखवलं. लंडनच्या पिनर उपनगरातल्या त्यांच्या घराच्या मागच्या बागेत, एका रविवारी सकाळी. त्यांच्या अंगात नवऱ्याचा जुना रेनकोट होता आणि पायात बागकामाचे रबरी बूट. मला एवढंच सांगितलं होतं की फोन हातात धरून शेडपासून कपडे वाळत घालायच्या दोरीपर्यंत चालत जायचं. निम्म्या वाटेवर मागून धपधप आवाज आला आणि फोनला हिसका बसला. मी फोन सोडला नाही. हिसक्याबरोबर मीच अर्धा गोल फिरलो आणि गुलाबाच्या वाफ्यात गुडघ्यावर पडलो.

"मेलास," बाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "पडलास म्हणून नाही. मूठ आवळलीस म्हणून."

"पण फोन माझ्याकडेच आहे," मी म्हणालो.

"तेच सांगतेय. फोन आहे. तू नाहीस."

सगळे त्यांना सिस्टर म्हणत. तरुणपणी नागपूरहून नर्स म्हणून इकडे आल्या आणि लंडनच्या एका हॉस्पिटलात तीस वर्षं कॅज्युअल्टीत काढली. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, घर मोठं. खालच्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना देत. पाहुणे म्हणजे आपल्याच लोकांचे आईवडील. मुलगा-सून वन-बेड फ्लॅटमध्ये राहणार, आईवडील पुण्याहून सहा आठवड्यांसाठी येणार, मग त्यांना झोपवायचं कुठे? सिस्टरकडे. वरच्या मजल्यावर पलंग आणि माणूस यांपैकी एकच नीट मावेल अशी एक खोली होती, ती माझी. तिच्यात मी चार वर्षं राहिलो. शेवटी माझं सिस्टरशी भांडण झालं. त्या आता नाहीत, तरी माझ्या बाजूने ते मिटलेलं नाही. त्यामुळे इथे त्यांची आरती होईल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

मी बॅगा विकतो. कार्डिफला शिकायला आलो होतो. शिक्षणाने नोकरी दिली नाही, तेव्हा पूर्व लंडनच्या एका बाजारात दुसऱ्याच्या स्टॉलवर उभा राहिलो आणि तीन वर्षांत तो स्टॉल माझा केला. सुटकेसी, पाठीवरच्या सॅक, कंबरेला बांधायचे पाऊच. कोणी हात धरून वर आणलं नाही, त्यामुळे कोणाचं ऐकायची सवय नाही. भाव करण्यात मला हरवणारा माणूस त्या बाजारात नव्हता. सिस्टरनी मला पहिल्याच दिवशी हरवलं. त्यांनी खोलीचं भाडं सांगितलं, मी निम्म्यावर आणलं. त्या काही बोलल्या नाहीत, उठून भांडी घासायला लागल्या. मी थोडं वाढवलं. त्या कढई घासत राहिल्या. मी आणखी वाढवलं. कढई संपली, कुकर आला. कुकरचं झाकण पुसून होईपर्यंत मी त्यांच्या आकड्यावर पोचलो होतो. तेव्हा त्या वळल्या आणि म्हणाल्या, "चहा घेतोस?" गप्प बसून भाव करणारा माणूस सगळ्यांत वाईट, हे तेव्हा कळलं.

पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी त्यांची तालीम व्हायची. ती झाल्याशिवाय सिस्टर कोणाला सेंट्रल लंडनला जाऊ देत नसत. आधी बॅगांची तपासणी. मग प्रत्येकाला एक जुनं पाकीट मिळायचं. त्यात थोड्या नोटा, मुदत संपलेलं लायब्ररीचं कार्ड आणि एका गोऱ्या बाळाचा फोटो. हे बाळ कोणाचं, असं मी एकदा विचारलं. फोटोफ्रेम विकत घेतली की आत नमुन्याचा कागद असतो ना, तो. सिस्टरनी तसले दहा-बारा कागद जमवले होते.

"याला म्हणायचं चोराचं पान," त्या पाहुण्यांना सांगत. "पितरांच्या दिवशी कावळ्याचं पान आधी बाहेर ठेवतो की नाही? तसं. हे वरच्या खिशात. त्याचं त्याला वाढलं की तो घरच्या ताटाला हात लावत नाही."

"आणि बाळ कशाला?" सोलापूरच्या एका आजींनी विचारलं.

"बाळ असलं की पाकीट खरं वाटतं."

आजींना ते बाळ फार आवडलं. जाताना त्यांनी फोटो मागून नेला.

मंगळसूत्रावरून मात्र दर वेळी रडारड. आपल्या बायका इकडे फिरायला येतात त्या लग्नाला निघाल्यासारख्या. गळ्यात दोन पदरी, हातात पाटल्या, वर स्वेटर उघडा. सिस्टरकडे लोणच्याच्या एका बरणीत काळ्या मण्यांच्या साध्या पोती असत, पितळेच्या वाट्या ओवलेल्या. बाहेर जाताना खरं काढून द्यायचं आणि हे घालायचं. खरं त्यांच्या कपाटातल्या स्टीलच्या डब्यात, कुलपात. नाशिकच्या एका बाई रडायलाच लागल्या. लग्नापासून एक दिवस गळ्यातून काढलं नाही, यांना काही झालं तर?

सिस्टर म्हणाल्या, "अहो, नवऱ्याचं आयुष्य मण्यांत असतं तर आमचे पुरुषांचे वॉर्ड रिकामे पडले असते."

नवरा शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "काढ गं. मी घेतो रिस्क."

मग बागेतली तालीम. शेड ते दोरी. बायकांनी पर्स घेऊन, पुरुषांनी कॅमेरा किंवा फोन घेऊन चालायचं. सिस्टर मागून येणार, ओढणार. ओढल्याबरोबर हात उघडायचा, जवळच्या भिंतीला पाठ लावायची आणि तिथेच थांबायचं. ओरडायचं नाही, पळायचं नाही. "हात उघडा!" हे दोन शब्द त्या इतक्या जोरात ओरडत की पलीकडचा म्हातारा इंग्रज शेजारी चहाचा मग घेऊन कुंपणापाशी येऊन उभा राही. त्याला मराठीतले तेवढेच दोन शब्द येत. रस्त्यात भेटला की मलाही तो गुड मॉर्निंगच्या ऐवजी "हाथ उगडा" म्हणायचा.

अमरावतीचे एक रिटायर्ड फौजदार आले होते. त्यांनी साफ नकार दिला. "मॅडम, सत्तावीस वर्षं मी चोर पकडलेत."

"हो का? मग हा पकडा," असं म्हणून सिस्टरनी त्यांच्या गळ्यातला कॅमेरा खेचला. फौजदारांनी दोन्ही हातांनी तो धरला. पट्टा मानेत रुतला, डोळे बाहेर आले. सिस्टर सोडेनात, फौजदार सोडेनात. शेवटी त्यांच्या बायकोनेच ओरडून सांगितलं, "अहो, द्या ना बाईंना! घरातलीच आहे ती!"

सिस्टर मागे झाल्या. फौजदारांच्या मानेवरचा लाल वळ त्यांनी बोटाने दाखवला. "काहून धरून ठेवलं? कॅमेऱ्यासाठी? दुकानात दुसरा मिळते बाप्पा." राग आला की चाळीस वर्षांपूर्वीचं नागपूर त्यांच्या तोंडात यायचं.

त्यांचा आणखी एक नियम होता, तो आपल्या लोकांना सगळ्यांत अवघड जायचा. रस्त्यात कोणी हाक मारली तर थांबायचं नाही. "आपल्या माणसाला हाक मारली की तो थांबतो. थांबला की हसतो. हसला की संपला," त्या म्हणत. चालता चालता, न हसता, "सॉरी, नो" म्हणायचं. साताऱ्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकांना ते शेवटपर्यंत जमलं नाही. त्या "नो" म्हणायच्या आणि मग लाजून "थँक यू, बाळ" जोडायच्या.

हे ऐकून तुम्ही हसाल. मीही हसायचो. पण त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझ्या कोपराला चार टाके पडले, त्या दिवसापासून कमी हसलो. माझ्या स्टॉलवरून एकाने सॅक उचलली आणि तो पळाला. मी मागे धावलो. तीन गल्ल्या पुढे तो मला मिळाला, सॅकही मिळाली आणि कोपरावर कसल्याशा धारदार गोष्टीचा फटकाही. हॉस्पिटलात चार तास बसायची माझी तयारी नव्हती. सिस्टर टाके घालताना शिव्या देत होत्या. मी म्हणालो, सॅक तर परत आणली ना.

त्या थांबल्या. सुई तशीच धरून म्हणाल्या, "तीस वर्षं मी कॅज्युअल्टीच्या दारात उभी होते. ज्यांनी दिलं, ते आपल्या पायांनी आत आले. ज्यांनी नाही दिलं, ते चाकांवर आले. एकाची मूठ मी उघडली होती. तोवर तो गेलेला होता. मुठीत काय असेल? नुसता पट्टा. बॅग केव्हाच गेलेली."

मी म्हणालो, "माझ्या बॅगांचे पट्टे तुटत नाहीत. आत तार आहे."

त्यांनी गाठ मारली आणि दोरा कापला.

चौथ्या वर्षी मी अण्णांना बोलावलं. अण्णा म्हणजे माझे वडील. आई आधीच गेली होती. इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर म्हणून त्यांनी आयुष्य काढलं. माग बिघडला की दुरुस्त करणारा तो जॉबर. मागांच्या आवाजाने कान निम्मे गेलेले, पण माणूस ताठ. विमानतळावरून सिस्टरकडे आले, चहा घेतला आणि पासपोर्ट काढून त्यांच्या हातात दिला. तोही नियमच होता. पासपोर्ट स्टीलच्या डब्यात, खिशात फक्त झेरॉक्स.

दुसऱ्या दिवशी तालीम. माझी खात्री होती की अण्णा सिस्टरना आडवं करतील, कारण त्यांच्या हाताची पकड मला लहानपणापासून माहीत होती. सिस्टरनी पिशवी ओढली आणि अण्णांनी हात उघडला. पहिल्याच झटक्याला. मग शांतपणे मागे जाऊन शेडला पाठ लावून उभे राहिले. कुंपणापलीकडून शेजाऱ्याने टाळ्या वाजवल्या.

"बघ," सिस्टर मला म्हणाल्या. "मशीनजवळ आयुष्य काढलेल्या माणसाला कळतं बोटं कधी काढून घ्यायची."

अण्णा म्हणाले, "ताई, आमच्याकडं नवीन पोराला पहिलं हेच शिकवायचं. धागा तुटला तर तुटू दे. मशीन खाईल ते खाऊ दे, हात घालायचा न्हाई."

तेव्हापासून दोघांचं जमलं. मी बाजारातून यायचो तर हे दोघं बागेत खुर्च्या टाकून बसलेले असायचे, सिस्टर त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला. मला ते फारसं आवडलं नाही, खरं सांगतो. चार वर्षं मी त्या घरात राहत होतो आणि माझं कौतुक कधी झालं नव्हतं. एकदा मी अण्णांना चिडून म्हणालो, "ही बाई तुम्हाला भित्रं करून सोडणार."

अण्णांनी दोन्ही पंजे माझ्यापुढे धरले. "भित्रा? मोज लेका. धाच्या धा हाईत."

पाचव्या आठवड्यात, एका बुधवारी, मी स्टॉल बंद ठेवला आणि अण्णांना नदीवर घेऊन गेलो. दुपारची वेळ, ऊन पडलेलं, माणसांची गर्दी. माझ्या खांद्याला माझ्याच स्टॉलवरची बॅग होती. अण्णा माझ्या उजव्या हाताला, नदीच्या कठड्याच्या बाजूने चालले होते. इलेक्ट्रिक सायकलवरून दोघं आले. आवाज आलाच नाही. मागच्याने बॅग धरली आणि खेचली.

तेव्हा मी काय केलं ते नीट लिहितो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पट्टा खांद्यावरून घसरून मनगटात आला. तिथे मी तो सोडू शकत होतो. हात खाली केला असता तरी निघून गेला असता. मी मनगटाला त्याचा एक वेढा घेतला. मला राग आला होता. माझी वस्तू, माझ्या हातातून, भर दुपारी, माझ्या बापासमोर! पट्ट्यात तार होती, तो तुटला नाही. मी दहा-बारा पावलं धावत आणि नंतर गुडघ्यांवर ओढला गेलो.

अण्णा शिकवल्याप्रमाणे कठड्याला पाठ लावून उभे होते. हात उघडे. मी ते बघितलं. मग ते कठडा सोडून धावत आले. पिशवी सोडायची, फोन सोडायचा, सगळं बागेत शिकवून झालं होतं. मुलगा ओढला जात असताना काय करायचं, ते त्यात नव्हतं. त्यांनी मागून माझा कोट दोन्ही हातांनी धरला, माग धरावा तसा, आणि पाय रोवले. सायकल डगमगली. मागच्याने बॅग सोडून दिली. सगळा जोर एकदम मागे आला. अण्णा फुटपाथच्या दगडी कडेवर पडले आणि मी त्यांच्यावर.

बॅग माझ्या हातात राहिली.

अण्णांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं असं डॉक्टर म्हणाले. सिस्टर रोज दुपारी यायच्या. घरी मऊ भात करून आणायच्या, चार्ट वाचायच्या, वॉर्डमधल्या नर्सना पेशंटला कुशीवर कसं वळवायचं ते शिकवायच्या आणि त्यांच्याकडून बोलणी खायच्या. माझ्याशी त्या बोलत नव्हत्या. मीही बोलत नव्हतो.

चौथ्या दिवशी अण्णांच्या छातीत कफ भरला होता, पण शुद्ध चांगली होती. मी एका बाजूला, सिस्टर दुसऱ्या बाजूला. अण्णा म्हणाले, "मला एक कळंना. चोर तर ओढून पळतोय. मग तू इतका लांब कसा गेलास त्याच्यामागं?"

मी म्हणालो, "अचानक झालं, अण्णा. पट्टा अडकला हातात."

अडकला. एवढंच मी म्हणालो. आजारी माणसाला यापेक्षा जास्त कशाला सांगायचं?

सिस्टर म्हणाल्या, "अडकला नाही, अण्णा. यानं धरून ठेवला. सोडला असता तर तुम्ही आत्ता बागेत बसला असता."

आमचं भांडण झालं ते या वाक्यावरून. त्यांनी ते मोठ्याने, अण्णांच्या चांगल्या कानात, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. त्या पेशंटशी कधी खोटं बोलत नसत. नातेवाइकांनी पाया पडून विनवलं तरी बोलल्या नाहीत, असं त्या अभिमानाने सांगत. पण इथे पेशंटने त्यांना विचारलं नव्हतं, मला विचारलं होतं. मुलगा बापाला काय सांगतो, त्यात त्यांनी तोंड घालायचं कारण नव्हतं. मला हे एकट्यात सांगितलं असतं, मारलं असतं, घराबाहेर काढलं असतं, तरी मी ऐकून घेतलं असतं. बापासमोर नको होतं. ते मी आजही माफ केलेलं नाही.

 अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "काय होतं रे बॅगेत?"

रागाने नाही. सहज विचारावं तसं. मला वाटलं, जे असेल ते ऐकायची त्यांची तयारी होती, फक्त ते काहीतरी असायला हवं होतं.

मी म्हणालो, "पासपोर्ट. तुमचा पासपोर्ट होता, अण्णा."

म्हणालो आणि त्याच क्षणी कळलं की मी काय बोललो. पासपोर्ट त्यांनी स्वतःच्या हाताने सिस्टरना दिला होता. अण्णांचा कान गेला होता, डोकं नाही. त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी मान हळूहळू दुसऱ्या बाजूला वळवली.

"ताई, तो तर तुमच्या डब्यात होता न्हवं?"

सिस्टर पांघरुणाची कड सारखी करत होत्या. एक बाजू सारखी करून झाली होती, तीच त्यांनी पुन्हा केली. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. खाली बघत बसलो. भाडं ठरवताना त्या कढई घासत बसल्या होत्या तेव्हाही एवढा वेळ गेला नव्हता.

"होता," सिस्टर म्हणाल्या. "त्या दिवशी सकाळी मीच काढला आणि याच्या बॅगेत घातला. मला वाटलं, कुठे दाखवायला लागेल. माझं चुकलं, अण्णा."

"तुम्ही घातला?"

"मीच."

अण्णांच्या कपाळावरची आठी गेली. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. पकड अजून तशीच होती. "मग बरोबर केलंस, लेका. पासपोर्ट गेला असता तर मी घरी कसा गेलो असतो?"

थोड्या वेळाने त्यांना झोप लागली. सिस्टर डबा घेऊन बाहेर पडल्या. मी त्यांच्यामागे कॉरिडॉरमध्ये गेलो. काय बोलणार होतो ते आता आठवत नाही. आभार मानणार होतो की भांडणार होतो, तेही सांगता येत नाही. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी बोलले नाही मी. पेशंटला झोप पाहिजे होती."

त्यानंतर सात दिवसांनी अण्णा गेले. न्यूमोनिया. मधल्या काळात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, की मुलाने पासपोर्ट वाचवला. पासपोर्ट बॅगेत कसा गेला, तेही सांगत. "ताईंचं एवढंच चुकलं बघा, पन बिचारीनं कबूल केलं." ते प्रेमानेच सांगत. पण ऐकणारे पिनर-हॅरोचे, सिस्टरकडे पाहुणे पाठवणारेच होते.

मी महिन्याभरात खोली सोडली. सिस्टर दारापर्यंत आल्या नाहीत, मी आत गेलो नाही. पुढचं मला लोकांकडून कळलं. स्वतः नियम मोडून पासपोर्ट बॅगेत घालते आणि जगाला शिकवते, असं बोललं जाऊ लागलं. पाहुणे कमी झाले. जे आले त्यांच्या मुलांनी आधीच सांगून ठेवलं, की ते बागेतलं वगैरे नको, आईवडील घाबरतात. एका फोनवर सगळं खरं सांगता आलं असतं. माझ्याकडे नंबर होते. मी केला नाही. मला वाटायचं, त्यांनी ते वाक्य बोलल्याची किंमत त्यांना कळू दे. वर्ष गेलं, दोन गेली, आणि मग सांगायची वेळच निघून गेली असं मी स्वतःला पटवलं.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. शोकसभा हॅरोच्या एका हॉलमध्ये झाली. लोक चांगलं बोलले. तालमीच्या आठवणी निघाल्या, हसू झालं. चहाच्या वेळी एक गृहस्थ माझ्याजवळ आले. त्यांचे आईवडील कधीकाळी सिस्टरकडे राहिले होते. माझ्या दंडाला हात लावून ते म्हणाले, "तुमच्या वडिलांचं कळलं होतं तेव्हा. देवमाणूस होत्या हो, पण तेवढं एक चुकलं त्यांचं. तुम्ही आलात, मोठ्या मनाचे आहात."

मी मान हलवली. हो म्हणालो. चहाचा कप ठेवला आणि घरी आलो.

त्यांच्यावरचा माझा राग खरा आहे आणि तो मी सोडणार नाही. पण त्या बुधवारी पासपोर्ट त्यांच्या कपाटात, डब्यात, कुलपातच होता. माझ्या बॅगेत पाण्याची बाटली होती, माझी टोपी होती आणि दोन थालीपिठं होती. ती आम्ही खाल्ली नव्हती. मी ती हॉस्पिटलच्या बाकावर बसून एकट्याने खाल्ली, कारण भूक लागली होती.